हातांची हालचाल आणि हातांची भाषा : अंगावर वागवावयाचे संवेदक व नंदुरबार जिल्ह्यातील एक भाषिक प्रश्न

मनुष्याच्या हाताची हालचाल यंत्रास ओळखता यावी, यासाठी गेल्या सुमारे पन्नास वर्षांत जी साधने निघाली, त्यांपैकी पुष्कळशी अंगावर वागवावयाची आहेत. काही हातमोज्यात शिवलेली असतात, काही मनगटावर बांधली जातात, तर काही कोपराखाली पट्ट्यासारखी चढविली जातात. पक्षाघातानंतर रुग्णाचा हात कितपत हलू लागला हे मोजणे, कृत्रिम हातास चालना देणे, यांत्रिक बाहूस दुरून वळविणे असे त्यांचे नानाविध उपयोग आहेत. परंतु भाषेच्या अभ्यासकास ज्या उपयोगाची दखल घेणे भाग आहे तो निराळा आहे. कर्णबधिर व्यक्तीने असा मोजा हातात घालावा, तिने केलेल्या खुणा यंत्राने ओळखाव्यात आणि त्यांचे बोलीव शब्द शेजारच्या श्रोत्यास ऐकवावेत, ही ती कल्पना होय.

कल्पना आकर्षक आहे; तिच्यामागील हेतूविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तिच्यात दोन भिन्न क्रिया एकच मानल्या जातात. हाताची हालचाल ओळखणे ही एक क्रिया आणि भाषा समजणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर किती आहे, आणि नंदुरबारसारख्या बहुभाषी, डोंगराळ जिल्ह्यात त्या अंतराचा परिणाम कोणावर होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

(१) उपकरणे काय मोजतात

या उपकरणांचे मोजमापाच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग बोटांचा बाक मोजणाऱ्या संवेदकांचा. १९७७ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात डॅनियल सँडिन व थॉमस डिफँटी यांनी, रिचर्ड सेअर यांच्या सूचनेवरून, प्रत्येक बोटावर लवचीक नळी बसविलेला मोजा तयार केला. नळीच्या एका टोकास प्रकाश आणि दुसऱ्या टोकास प्रकाशमापक अशी त्याची रचना होती. बोट वाकले की पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी होई, आणि त्यावरून बाक समजे. आजच्या मोज्यांत नळीऐवजी बहुधा विद्युद्वाहक लेपाची पातळ पट्टी असते. ती वाकली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो. तत्त्व तेच राहिले आहे. बेल प्रयोगशाळेतील गॅरी ग्राइम्स यांच्या मोज्यास १९८३ मध्ये एकस्व मिळाले. त्याचा उद्देशच मुळी बोटांनी दाखविलेली अक्षरे ओळखण्याचा होता. म्हणजे या तंत्राचा आणि कर्णबधिरांच्या व्यवहाराचा संबंध अगदी आरंभापासूनचा आहे. परंतु ग्राइम्स यांचा मोजा एका हाताच्या वर्णमालेसाठी होता. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे दाखविण्याची रूढ पद्धत दोन हातांची आहे, आणि तीत एका हाताचे बोट दुसऱ्या हातास कोठे टेकते यालाही महत्त्व आहे. बोटांचा बाक कितीही अचूक मोजला तरी हा स्पर्श त्यातून कळत नाही. त्यासाठी दोन मोजे आणि स्पर्शाचे निराळे संवेदक लागतात.

दुसरा वर्ग गतीच्या संवेदकांचा. त्वरणमापकात सिलिकॉनची अतिसूक्ष्म वस्तू सूक्ष्म कमानींवर तोललेली असते. हात हलला की ती किंचित सरकते, आणि त्या सरकण्यावरून त्वरण काढता येते. हात स्थिर असता हाच मापक गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवितो, त्यामुळे हाताचा कलही कळतो. त्याच्या जोडीला बसविलेला जायरोस्कोप हात कोणत्या वेगाने वळतो ते सांगतो. यांवरून हात कसा कलला व कसा वळला हे बऱ्याच अचूकपणे सांगता येते. हात नेमका कोठे आहे, हे मात्र त्यांना थेट कळत नाही. त्वरणावरून वेग आणि वेगावरून स्थान असे दोनदा गणित करावे लागते, आणि मापकातील बारीकशी चूक त्यात काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. त्वरणमापकात दर सेकंदास दर सेकंदास ०.०१ मीटर एवढीच स्थिर चूक असल्यास साडेपाच सेकंदांत स्थानाची चूक सुमारे १५ सेंटिमीटर होते. १० सेकंदांत ती ५० सेंटिमीटरवर जाते. या १५ सेंटिमीटरांचे भाषिक मोल काय, ते पुढे दिसून येईल.

तिसरा वर्ग स्नायूंतील विद्युत्‌ मोजणाऱ्या पट्ट्यांचा. बोटे हलविणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. ते आकुंचन पावताना त्वचेवर काही मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंतचा विद्युत्‌दाब उमटतो. त्याच्या आवर्तनांतील उपयुक्त भाग दर सेकंदास सुमारे २० ते ५०० इतका पसरलेला असल्याने सेकंदास निदान हजार नोंदी घ्याव्या लागतात. थॅल्मिक लॅब्ज या कंपनीचा ‘मायो’ हा आठ विद्युदग्रांचा पट्टा काही वर्षे अभ्यासकांत बराच प्रचलित होता. २०१८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. या पद्धतीत बोटे मोकळी राहतात, हा तिचा गुण. घाम येणे, पट्टा किंचित सरकणे, स्नायू थकणे यांनी नोंद बदलते, आणि तळहातातीलच लहान स्नायूंची कामगिरी तीत नीट उमटत नाही, हे तिचे दोष.

(२) नोंदीपासून खुणेपर्यंत

संवेदक देतात ते केवळ आकडे. त्या आकड्यांच्या प्रवाहातून खूण वेगळी काढणे हे पुढील काम. त्याची रीत साधारणतः अशी असते : प्रवाहाचे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्याची वैशिष्ट्ये काढावयाची, आणि पूर्वी शिकविलेल्या नमुन्यांपैकी कोणाशी त्याचे अधिक साम्य आहे हे गणिताने ठरवावयाचे. नमुने ज्या व्यक्तींकडून घेतले त्यांच्याबाबतीत यंत्र चांगले चालते. नवी व्यक्ती पुढे आली की त्याची अचूकता घसरते. हाताचा आकार, वेग, लकब ही प्रत्येकाची निराळी असतात. उच्चारातही तसेच घडते, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

खरी अडचण तुकडे पाडण्यात आहे. एकेक खूण सुटी करून दाखविली तर तिची सुरुवात व शेवट स्पष्ट असतात. वाक्यात मात्र एका खुणेच्या शेवटच्या जागेवरून हात पुढील खुणेच्या पहिल्या जागेकडे जातो, आणि ही मधली हालचाल कोणत्याही खुणेचा भाग नसते. शिवाय शेजारच्या खुणेच्या प्रभावाने हस्ताकारही बदलतो. संस्कृत व्याकरणकारांनी ध्वनींच्या बाबतीत ज्याला संधी म्हटले, त्याच जातीची ही घटना आहे. सुट्या पदांची यादी पाठ करून संधियुक्त वाक्य वाचू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची जी स्थिती होते, तीच सुट्या खुणांवर शिकविलेल्या यंत्राची होते.

यास्तव ‘शंभरात पंचाण्णव खुणा बरोबर’ अशी ग्वाही दिलेली असली तरी ती तपासून घ्यावी. एका खुणेची अचूकता ९५ टक्के असेल, आणि चुका परस्परांवर अवलंबून नाहीत असे मानले, तर दहा खुणांचे संपूर्ण वाक्य बरोबर ओळखले जाण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच उरते. प्रयोगशाळेत हे चालून जाईल. दवाखान्यात दुखणे सांगताना किंवा तहसील कचेरीत अर्ज समजावताना पाचांतील दोन वाक्ये बिघडणे चालणार नाही.

(३) खुणेची घटना

१९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेच्या रचनेवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. खूण म्हणजे हवेत काढलेले अखंड चित्र अशी तोवरची समजूत होती. खूण हस्ताकार, स्थान व हालचाल या घटकांनी बनते, आणि बोलीव शब्दातील वर्णांप्रमाणेच त्यांतील एक घटक बदलला तर अर्थ बदलतो, असे स्टोकी यांनी दाखविले. तळहाताची दिशा हा चौथा घटक पुढे त्यात मिळविण्यात आला. अमेरिकी सांकेतिक भाषेत ‘उन्हाळा’, ‘कुरूप’ व ‘कोरडे’ या तीन खुणांचा हस्ताकार व हालचाल एकच आहेत. पहिली कपाळाशी, दुसरी नाकाशी आणि तिसरी हनुवटीशी केली जाते; भेद आहे तो एवढाच. कपाळापासून हनुवटीपर्यंतचे अंतर एक वीतभरही नाही. गतिसंवेदकातील १५ सेंटिमीटरांची चूक तेवढ्यात उन्हाळ्याचे कोरडे करून टाकते.

हस्ताकार व अर्थ यांची अशी फारकत भारतीय विचारास अपरिचित नाही. नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ व दोन हातांच्या १३ मुद्रा सांगितल्या आहेत. पण एकच मुद्रा स्थान, गती व दृष्टी यांच्या योगाने अनेक अर्थ देते. नृत्यातील हस्ताभिनय आणि कर्णबधिरांची भाषा या भिन्न गोष्टी आहेत, हे विसरून चालणार नाही. तरीही केवळ हाताचा आकार म्हणजे अर्थ नव्हे, एवढे दोन्हींतून सारखेच निष्पन्न होते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सांकेतिक भाषेचे व्याकरण सगळेच्या सगळे हातांत नसते. भारतीय सांकेतिक भाषेचा वर्णनात्मक अभ्यास करणाऱ्या उल्रिके झेशान यांनी तिची जी वैशिष्ट्ये नोंदविली, त्यांत प्रश्नाची रचना लक्षणीय आहे. ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर अपेक्षिणारा प्रश्न आणि साधे विधान यांतील हातांच्या खुणा त्याच राहू शकतात. प्रश्न होतो तो भुवया, डोळे व डोके यांच्या ठेवणीने. नकाराची खूण वाक्याच्या शेवटी येते आणि तिच्यासोबत मान हलते. प्रश्नवाचक खूणही वाक्यान्ती येते. ‘देणे’ यासारख्या क्रियापदाची खूण कोणाकडून निघते व कोणाकडे वळते, त्यावरून कर्ता व ग्राहक कळतात. मोज्यास भुवया दिसत नाहीत. ‘तो गेला’ आणि ‘तो गेला का?’ ही दोन्ही वाक्ये त्याच्या लेखी एकच ठरतात.

२०१६ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘साइनअलाउड’ नावाचे मोजे तयार केले व त्यांस पारितोषिकही मिळाले. त्यानंतर त्याच विद्यापीठातील सांकेतिक भाषेच्या अध्यापकांनी व भाषाविज्ञानाच्या एका प्राध्यापिकेने खुले पत्र लिहून हेच मुद्दे मांडले : मोज्यास चेहरा दिसत नाही, ज्यांच्यासाठी साधन करावयाचे त्या कर्णबधिरांचा विचार घेतला गेला नाही, आणि संवादाचा सगळा भार त्यांच्याच अंगावर टाकला गेला. यातील शेवटचा मुद्दा विशेष विचारार्ह आहे. मोजा कर्णबधिराची खूण श्रोत्यास ऐकवितो. श्रोत्याचे उत्तर कर्णबधिरापर्यंत पोहोचविणे त्याच्या आवाक्यात नाही. कॅमेऱ्यावर आधारलेल्या पद्धतींत चेहरा दिसतो, आणि आता संशोधनाचा कल बराचसा तिकडे आहे. पण खुणांच्या नमुन्यांचा संग्रह कोणत्या भाषेचा व कोणाकडून घेतलेला, हा प्रश्न तेथेही तसाच उभा राहतो.

(४) नंदुरबार जिल्ह्याची भाषिक स्थिती

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी, नोइरी व देहवाली, नवापुराकडे मावची व कोकणी, सपाटीच्या भागात अहिराणी व गुजरी, आणि शाळा-कचेरीत मराठी अशी येथील भाषाव्यवहाराची ढोबळ मांडणी करता येईल.

यांपैकी अनेक बोलींची पद्धतशीर नोंद प्रथम ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात झाली. भिल्ली भाषांचा व खानदेशीचा खंड १९०७ मध्ये निघाला. त्यात मावची, नोइरी, पावरी व देहवाली यांचे नमुने आहेत. परंतु ते सर्वेक्षण बोलीव भाषांचे होते. बोलू न शकणारा माणूसही कोणत्यातरी भाषेत व्यवहार करीत असेल, हा विचार त्या काळी सर्वेक्षणाच्या कक्षेतच नव्हता. शतकानंतर गणेश देवी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भारतीय लोकभाषा सर्वेक्षणात सांकेतिक भाषांस स्वतंत्र खंड देण्यात आला, ही नोंद घेण्यासारखी प्रगती होय.

राष्ट्रीय पातळीवर त्यानंतर बरेच काम झाले आहे. २०१५ मध्ये दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता; २०१९ मध्ये तो ६,००० आणि २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश आहे. शालेय पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्यासाठी २०२० मध्ये केंद्राचा व राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा करार झाला. मोज्यास किंवा कॅमेऱ्यास शिकविण्यासाठी साहजिकच या कोशातील भाषेकडे पाहिले जाते.

आता अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यावर जन्मलेल्या कर्णबधिर मुलीची कल्पना करावी. सातपुड्यातील पाड्यांत घरे एकमेकांस लागून नसतात. ती उतारांवर, आपापल्या शेतांजवळ विखुरलेली असतात. मुलीस ऐकू येत नाही, म्हणून पावरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सांकेतिक भाषा जाणणारे माणूस आसपास नाही, म्हणून तीही पोहोचत नाही. मग घरची माणसे आणि ती मिळून काही खुणा घडवितात : पाणी, भाकर, शेळी, मोठा भाऊ, बाजार. अशा घरगुती खुणा केवळ हातवारे नसतात. निरनिराळ्या देशांतील मुलांचा सुझन गोल्डिन-मेडो यांनी जो अभ्यास केला, त्यावरून अशा खुणांतही क्रम व रचना आढळते हे सिद्ध झाले आहे. तथापि एका घरापुरत्या खुणांतून पूर्ण भाषा उभी राहत नाही. त्यासाठी खुणा करणारी माणसे एकत्र यावी लागतात. निकाराग्वात १९७७ नंतर कर्णबधिर मुले शाळेत जमू लागली, आणि त्यांच्या घरगुती खुणांतून काही वर्षांतच नवी भाषा आकारास आली. कर्नाटकातील अलीपूर गावी कर्णबधिरांची संख्या पुष्कळ असल्याने तेथे गावाची म्हणून सांकेतिक भाषा आहे. विखुरलेल्या पाड्यांवरील परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्यातच ऊसतोडीसाठी कुटुंब काही महिने गुजरातेत किंवा अन्य जिल्ह्यांत गेले, तर शाळेत जमलेला थोडाफार सहवासही तुटतो.

या मुलीच्या हाती मोजा दिला तर काय होईल? तिला कोशातील खुणा येत नाहीत, आणि मोज्यास तिच्या खुणा येत नाहीत. समजा, तिने कोशातील खुणा शिकून घेतल्या. तरी मोजा जे बोलेल ते मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत. ज्या आजीशी तिला बोलावयाचे आहे ती पावरी बोलते. भाषांतर करणाऱ्या यंत्राने येथे दोन्ही टोकांच्या भाषा वगळलेल्या असतात. आणि याहून गंभीर गोष्ट अशी की भाषा आत्मसात करण्याचे वय थांबत नाही. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत कोणतीही एक भाषा पूर्णपणे मिळाली नाही, तर पुढे शिकलेल्या भाषेतही उणीव राहते, असे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे. यंत्र सुधारेल तेव्हा सुधारेल. दरम्यान वाढणाऱ्या मुलीची वर्षे परत मिळत नाहीत.

(५) उपकरणाचे योग्य स्थान

यावरून संवेदक निरुपयोगी आहेत असे म्हणावयाचे नाही. प्रश्न त्यांना कोणत्या कामास लावावयाचे हा आहे. एकोणिसाव्या शतकात कार्ल लुडविग यांनी रक्तदाबाची नोंद घेण्यासाठी कायमोग्राफ तयार केला. पुढे रूसलो यांनी अशाच साधनांनी उच्चारांची नोंद घेऊन प्रयोगाधिष्ठित ध्वनिविज्ञानाचा पाया घातला. कायमोग्राफने फ्रेंच भाषेचे भाषांतर करावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. त्याने श्वास व कंपन मोजले, आणि भाषेचे वर्णन करणाऱ्यास पुरावा दिला. अंगावर वागवावयाच्या संवेदकांचे स्थान सांकेतिक भाषांच्या अभ्यासात हेच असावयास हवे. १९८९ मध्ये लिडेल व जॉन्सन यांनी खूण ही ‘हालचाल’ व ‘ठहराव’ यांच्या क्रमाने बनते अशी मांडणी केली. हा ठहराव किती काळाचा असतो, वाक्यान्ती तो लांबतो काय, जलद संभाषणात तो कोठे गळतो, असे प्रश्न डोळ्यांनी सुटत नाहीत. सेकंदास शंभर नोंदी घेणारा मापक ते सोडवू शकतो. एखाद्या मुलीच्या घरगुती खुणा वर्षभरात अधिक आटोपशीर व स्थिर झाल्या काय, हेही त्याने मोजता येईल.

परंतु मापनाच्या आधी वर्णन हवे, आणि वर्णनाच्या आधी सहवास. नंदुरबार जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असणे इष्ट आहे. कर्णबधिर मुलांस लहान वयातच एकमेकांचा आणि सांकेतिक भाषा अस्खलित जाणणाऱ्या प्रौढ कर्णबधिरांचा सहवास मिळावा. त्यांच्या पालकांस त्या भाषेचे शिक्षण पावरी, मावची यांसारख्या त्यांच्या स्वतःच्या भाषेतून द्यावे. घरगुती खुणांची चित्रफितींवर, चेहऱ्यासह, संमतीने नोंद व्हावी आणि त्या नोंदीच्या विश्लेषणात कर्णबधिर अभ्यासकच सहभागी असावेत. अशी सामग्री हाती आल्यानंतर मोजा, पट्टा किंवा कॅमेरा यांपैकी ज्याने जे मोजता येईल ते मोजावे.

ग्रिअर्सन यांच्या खंडात पावरीचे नमुने नोंदविले गेले, म्हणून आज एका शतकाच्या अंतरावरून तिची तुलना करता येते. त्याच डोंगरात त्या काळी ज्या हातांनी कोणी पाणी मागितले असेल, त्यांची नोंद कोठेच नाही. आज ती घेण्याची साधने विद्यापीठांपाशी आहेत. त्यांचा उपयोग प्रथम त्या हातांचे म्हणणे समजून घेण्याकडे व्हावा. ते मोठ्याने वाचून दाखविण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.